दोन बोटांचा जँगो



स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठव, असा समितीचा निरोप आला. आठवणी तुम्ही सगळे लिहिणारच आहात. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, पावसाळ्यात गळणारा आठवीचा वर्ग, सहलीची एस.टी. घाटात बंद पडली तो दिवस, हे कुणाच्या ना कुणाच्या लेखात येणारच. म्हणून मी वेगळं काही लिहितो. जिल्हा परिषदेच्या शाळेत सदतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं दर ३ डिसेंबरला, ज्याला आधी अपंग दिन म्हणायचे आणि आता दिव्यांग दिन म्हणतात त्या दिवशी, चौथीच्या मुलांना एका वाजवणाऱ्याची गोष्ट सांगत आलो. गोष्ट खरी आहे. वर्गात सांगायचो तशीच इथे लिहितो. तुम्हाला का सांगतो आहे, ते शेवटी येईल.

माझा उजवा हात तुम्हाला ठाऊक आहे. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत, १९८१ साली, आमच्या गोठ्यातल्या कडबाकुट्टीत माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. त्याआधी प्रार्थनेला पेटी मी वाजवायचो. त्यानंतर वाजवली नाही. पेटीच्या सरांनी दोन-तीनदा घरी येऊन समजावलं, पण मी ऐकलं नाही. सर, तुमच्या तेव्हाच्या फेऱ्या मी विसरलेलो नाही.

सोळा वर्षांनी, १९९७ साली, मी प्रशिक्षणासाठी पुण्याला बहिणीकडे उतरलो होतो. भाचा गिटार शिकत होता. त्याने एक कॅसेट लावली आणि किती बोटांनी वाजवतोय ते ओळखायला सांगितलं. सूर इतके भराभर पडत होते की दोन माणसं वाजवत असावीत असं मला वाटलं. भाचा म्हणाला की माणूस एकच आहे आणि त्याच्या डाव्या हाताची दोनच बोटं धड होती. मी ती कॅसेट त्या रात्री चार वेळा ऐकली. त्या माणसाचं नाव जँगो राइनहार्ट. पुढे मिळेल तिथून त्याच्याविषयी वाचलं, विचारलं, आणि त्याची गोष्ट मुलांसाठी जुळवली.

मुलांनो, २३ जानेवारीला कुणाची जयंती असते? नेताजी सुभाषचंद्रांची. त्याच तारखेला, पण १९१० साली, युरोपातल्या बेल्जियम नावाच्या छोट्या देशात, लिबर्शी नावाच्या खेड्याबाहेर थांबलेल्या तांड्यात एक मुलगा जन्मला. कागदावर त्याचं नाव ज्याँ. घरात सगळे जँगो म्हणायचे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मी जागा होतो, असा लावतात.

जँगोचे लोक रोमा. गावोगाव फिरणारे. घोडे ओढतात असं लाकडी घर, खाली चाकं, आत चूल आणि बिछाने. आज इथे, उद्या तिथे. हे लोक हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच देशाच्या वायव्येकडून निघाले आणि चालत चालत युरोपात पोचले, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. खरं वाटत नसेल तर त्यांचे शब्द ऐका. पाण्याला ते पाणीच म्हणतात. कानाला कान, नाकाला नाख. दोनला दुई, पाचला पांज, दहाला देश. इथपर्यंत आलो की वर्ग हसायचा. मागच्या बाकांवर ऊसतोडणीच्या कोप्यांवरून आलेली पोरं बसलेली असायची. एरवी ती गप्प असत. चाकांवरचं घर, आज इथे उद्या तिथे, हे मात्र त्यांना सगळ्यात आधी समजायचं.

जँगोचा तांडा पॅरिस शहराच्या वेशीबाहेर, जुन्या तटबंदीपाशीच्या मोकळ्या जागेत थांबायचा. तो शाळेत गेला नाही. लिहिता-वाचता त्याला लहानपणी आलंच नाही, मोठेपणी थोडंफार आलं. पण त्याच्या घरात वाजवणारी माणसं होती. बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याला एक बँजो मिळाला. गणपतीत आपल्याकडे वाजतो तो नव्हे. गिटारसारखी मान आणि खाली डफासारखं कातडं ताणलेलं, असं ते वाद्य. कुणी शेजारी बसून शिकवलं नाही. मोठ्यांच्या बोटांकडे बघून तो शिकला. तेरा वर्षांचा असताना पॅरिसच्या नाचघरांत अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या साथीला बसून तो पैसे मिळवू लागला. अ‍ॅकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवायची पेटी समजा.

१९२८ साली त्याची साथ असलेल्या पहिल्या तबकड्या निघाल्या. त्याला स्वतःचं नाव लिहून देता येत नव्हतं, त्यामुळे तबकडीवर ते भलतंच छापलं गेलं. त्याच वर्षी जॅक हिल्टन नावाचा इंग्लंडमधला मोठा बँडवाला मुद्दाम त्याला ऐकायला आला आणि त्याने त्याला आपल्या बँडमध्ये यायला सांगितलं. जँगो अठरा वर्षांचा होता. लग्न झालेलं होतं, घरी बाळ येणार होतं, आणि आता इंग्लंडची नोकरी. त्याच्या तांड्यातल्या कुणाचं असं नशीब उघडलं नव्हतं.

त्याच दिवसांतल्या एका रात्री तो वाजवून घरी परतला. बायको बेला सेल्युलॉइडची फुलं बनवून विकायची. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या सिनेमाच्या फिती ज्याच्या असत तो पदार्थ. ठिणगी लागली की भडकाच. चाकांवरचं ते घर फुलांनी भरलेलं होतं. मेणबत्तीची ज्योत फुलांना लागली आणि बघता बघता सगळं पेटलं. बायको बाहेर पडली. जँगोने डाव्या हाताने घोंगडी अंगावर ओढून आगीतून वाट काढली. तो वाचला, पण डावा हात आणि उजवा पाय भाजून निघाला.

एका वर्षी इथे एका मुलीने हात वर केला आणि विचारलं की सर, चूक कुणाची होती, फुलं करणाऱ्या बायकोची की त्याची. मी म्हटलं, अपघातात चूक शोधत बसायचं नसतं. ती खाली बसली. माझं उत्तर तिला पटलेलं दिसलं नाही. मलाही पटलं नव्हतं. पण गोष्ट पुढे न्यायची होती.

डॉक्टरांचं म्हणणं पाय कापावा लागेल असं पडलं. जँगो तयार झाला नाही. पाय राहिला. काठी टेकत का होईना, तो पुढे चालू लागला. हाताचं मात्र तसं झालं नाही. करंगळी आणि अनामिका, दोन्हींच्या शिरा आखडून बोटं आत वळली. ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. तंतुवाद्य वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे काय ते मी मुलांना फुटपट्टीवर दाखवायचो. उजवा हात तार छेडतो, पण कोणता सूर निघणार ते डाव्या हाताची बोटं तार कुठे दाबतात त्यावर ठरतं. चार बोटांचं काम आता दोघांवर आलं होतं. हा पुन्हा वाजवणार नाही, असंच सगळ्यांनी धरलं.

जँगोला जोसेफ नावाचा धाकटा भाऊ होता. तोही वाजवायचा. त्याने एक गिटार आणून खाटेवर पडलेल्या जँगोजवळ ठेवली. मुलं नेहमी विचारायची की जोसेफ त्याला काय म्हणाला. काय म्हणाला ते महत्त्वाचं नाही, त्याने गिटार आणून ठेवली हे महत्त्वाचं, असं मी सांगायचो.

बरं व्हायला जवळजवळ दीड वर्ष लागलं. तेवढ्या काळात जँगोने हात नव्याने शिकवला. आधीसारखं वाजवायचा हट्ट त्याने सोडला. आता आहे त्या हाताने काय काय होतं, ते त्याने शोधलं. चार बोटांचा माणूस एका जागी हात ठेवून तारा ओलांडत सूर काढतो. जँगो तर्जनी आणि मधलं बोट घेऊन गिटारच्या मानेवर वरखाली धावू लागला. आखडलेली दोन बोटं त्याने टाकून दिली नाहीत. एका वेळी अनेक सूर धरायचे असले की ती तशीच वाकडी, खालच्या दोन बारीक तारांवर टेकवायचा. जाड तारेसाठी मानेवरून अंगठा आणायचा. त्यातून जे सूर जुळायचे ते बाकीच्या गिटारवाल्यांना सुचले नसते, कारण त्यांना तशी गरजच नव्हती. आज चारही बोटं शाबूत असलेली माणसं त्याच्यासारखं वाजवायला वर्षानुवर्षं धडपडतात.

हातावर भरवसा आला, पण काय वाजवायचं ते अजून ठरलं नव्हतं. १९३१च्या सुमाराला दोघे भाऊ फ्रान्सच्या दक्षिणेला तूलाँ नावाच्या बंदराच्या गावी होते. तिथे एमिल साव्हित्री नावाच्या चित्रकाराने त्यांना घरी नेऊन अमेरिकेच्या तबकड्या ऐकवल्या. त्यात लुई आर्मस्ट्राँग होता, ड्यूक एलिंग्टन होता. हे जॅझ. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी जन्माला घातलेलं संगीत. यात ठरलेली चाल एकदा वाजवून झाली की वाजवणारा तिच्यावर आपल्या मनाने नवं रचत जातो. आपल्याकडच्या गायकाला बंदिशीनंतर जे करायचं असतं त्याच्या जवळचं. ते ऐकून जँगोला रडू कोसळलं, असं सांगतात.

१९३४ साली पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात तो एका बँडमध्ये होता. त्याच बँडमध्ये स्टेफान ग्रापेली नावाचा व्हायोलिनवाला होता. एकदा ग्रापेलीची तार तुटली. पडद्यामागे नवी चढवून तो सूर जुळवत असताना सहज काहीतरी वाजवू लागला आणि जँगोने त्याला साथ धरली. दोघांना मजा आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. मग जोसेफ आला, आणखी एक गिटारवाला आला, डबल बास आला. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास. ढोल नाही, तुतारी नाही. सगळी तारांची वाद्यं. या पाचांचं नाव हॉट क्लब द फ्रान्सचा पंचक. अमेरिकेबाहेर जन्मलेलं आणि अमेरिकेने मान दिलेलं असं जॅझ तोवर क्वचितच कुणी वाजवलं होतं.

मोठ्या माणसाचं सगळंच चांगलं असतं असं नाही, हेही मी मुलांना सांगायचो. जँगो मनस्वी होता. कार्यक्रम ठरलेला असायचा आणि हा कुठेतरी नदीवर मासे धरत बसलेला. मिळालेले पैसे जुगारात घालवायचा. ग्रापेलीने किती वेळा त्याला शोधत फिरायचं आणि किती वेळा त्याच्या वतीने माफी मागायची, त्याला हिशोब नव्हता. तरी त्याच ग्रापेलीने त्याला थोडं लिहायला-वाचायलाही शिकवलं.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हे पाच जण लंडनमध्ये होते. ग्रापेली तिथेच राहिला. जँगो पॅरिसला परतला. पुढच्या वर्षी पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं. ज्यूंप्रमाणे रोमा लोकांनाही हिटलरच्या राजवटीने धरून धरून मारलं. त्यात लाखो रोमा गेले. रोमा, त्यात पंगू हात, आणि वाजवतो काय तर हिटलरच्या लोकांना नको असलेलं जॅझ. तरी जँगो वाचला, कारण पॅरिसमध्ये त्याचं वाजवणं लोकांना हवं होतं, आणि जर्मन अधिकाऱ्यांपैकी काही जण चोरून त्याचे चाहते होते. व्हायोलिनच्या जागी त्याने क्लॅरिनेट घेतलं आणि १९४० साली नुआज, म्हणजे ढग, या नावाची आपली चाल ध्वनिमुद्रित केली. संथ, जरा उदास चाल आहे. परक्याच्या अमलाखालच्या पॅरिसने ती आपलीशी केली. १९४३ साली त्याने बायकोला घेऊन स्वित्झर्लंडला पळायचा प्रयत्न केला. ही दुसरी बायको, नागीन नावाची. हो, नागीनच, इथेही वर्ग हसायचा. सरहद्दीवर तो पकडला गेला आणि सुटला. दुसऱ्यांदा गेला तर स्वित्झर्लंडच्या पहारेकऱ्यांनी परत पाठवला. मग तो पॅरिसलाच राहिला आणि वाजवत राहिला.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ड्यूक एलिंग्टनने त्याला अमेरिकेत बोलावलं. ज्याच्या तबकड्या परक्याच्या घरात ऐकल्या त्याच्याच बँडबरोबर तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बसला. दोन रात्री कार्यक्रम होता. दुसऱ्या रात्री हा पठ्ठ्या इतका उशिरा पोचला की कार्यक्रम संपत आला होता. स्वभाव गेला नव्हता.

शेवटची दोनेक वर्षं तो पॅरिसपासून लांब, सेन नदीकाठच्या साम्वा नावाच्या गावी जाऊन राहिला. मासे धरायचे, चित्रं काढायची, मनात आलं की पॅरिसला जाऊन वाजवायचं. १६ मे १९५३ रोजी रात्रीचा कार्यक्रम आटोपून तो आगगाडीने परतला आणि स्टेशनवरून चालत घराशी आला तोच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता. आजही त्याच्या आठवणीसाठी दरवर्षी उन्हाळ्यात वाजवणारे जमतात.

मुलांना शेवट नेहमी लवकर आल्यासारखा वाटायचा. म्हणून मी एक शेपूट जोडायचो. १९६५ साली, जँगो जाऊन बारा वर्षं झाल्यावर, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या यंत्रात तुटली. तो गिटार वाजवायचा. संपलं सगळं, म्हणून घरी बसला. त्याच्या कारखान्यातला मुकादम त्याला भेटायला आला, सोबत जँगोची तबकडी घेऊन. पोराने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुन्हा गिटार धरली. पुढे ब्लॅक सॅबथ नावाचा त्याचा बँड जगभर गाजला.

मुलांची गोष्ट इथे संपते. आता आपली.

पुण्याहून परतल्यावर मी माळ्यावरची पेटी खाली काढली. भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं. ते बुजवून घेतलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. सा, रे, ग झालं की अंगठा खालून काढून मध्यमावर. पहिले कितीतरी महिने बोटं हरवल्यासारखी व्हायची. दोन वर्षांनी आमच्या शाळेच्या प्रार्थनेला मी पेटी घेऊन बसलो. निवृत्त होईपर्यंत बसलो. जलद तान माझ्याच्याने होत नाही. प्रार्थना होते, अभंग होतो.

पण त्या मुलीचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. चूक कुणाची होती.

त्या दिवशी कडबाकुट्टीचं चाक फिरवायला आपल्याच वर्गातला एक जण होता. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी पेंडी सारत होतो. न सांगता त्याने चाक फिरवलं आणि माझा हात गेला, असं गावात, शाळेत, तुम्हा सगळ्यांत बोललं गेलं. त्याचं घर आमच्या घराशी बोलेनासं झालं. दहावीला तो शाळेत आला नाही. वडिलांबरोबर कामाला लागला, पुढे गाव सोडून गेला.

खरं असं आहे की चाक फिरव असं मीच म्हटलं होतं. ते फिरू लागल्यावर एक धाट अडकलेलं दिसलं म्हणून मी त्याला न थांबवता आत हात घातला. दवाखान्यात वडिलांनी विचारलं तेव्हा मी काही बोललो नाही. नंतर लोक त्याला बोल लावू लागले, तेव्हाही बोललो नाही. आधी दुखत होतं म्हणून, नंतर भीती वाटली म्हणून, आणि पुढे इतकी वर्षं गेली होती की आता कशाला, म्हणून. बोटं माझी गेली, शिक्षण त्याचं गेलं. पंचवीस-तीस वर्षं मुलांना जोसेफची गोष्ट सांगणाऱ्या माणसाने हे आधीच सांगायला हवं होतं.

गेल्या महिन्यात समितीकडून त्याचा नंबर मिळाला. मी फोन केला आणि हेच त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग नातवंडांचं विचारलं आणि मेळाव्याला जमेल तसं बघतो, असं म्हणाला. त्याने मला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. पण जे त्याच्या माथी सगळ्यांसमोर आलं ते सगळ्यांसमोरच उतरायला हवं, म्हणून ही स्मरणिका. सर, तुम्हीही तेव्हा त्यालाच रागावला होता. तो राग माझा होता.

मेळाव्याच्या दिवशी मी पेटी घेऊन येणार आहे. पूर्वी रोज सकाळी आम्ही दोघे ती कार्यालयातून मैदानावर आणायचो, एका कडीला तो, दुसऱ्या कडीला मी. या वेळीही त्याच वेळी, त्याच दाराशी थांबेन. तो आला तर प्रार्थना आपण सगळे मिळून म्हणू. नाही आला, तर तुमच्यापैकी कुणीतरी दुसरी कडी धरा, आणि तो का आला नाही असं विचारू नका.